बेंदराचा घास

"भूक हाय का सवय?"

दुपारी चारच्या सुमारास कुणी चहाचं नाव काढलं, की आक्का मान वर न करता एवढंच विचारायच्या. आता तुम्हीच सांगा, चार वाजता चहा हवासा वाटतो ती भूक असते की सवय? मी त्यावर बराच विचार केला आहे आणि मला अजून ठरवता आलेलं नाही. आक्का मात्र उत्तर येईपर्यंत थांबायच्या. "भूक" म्हटलं तरी चहा मिळायचा, "सवय" म्हटलं तरी मिळायचा. पण सांगितल्याशिवाय मिळायचा नाही.

आमची वायनरी गारगोटी रस्त्याला. वायनरी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं द्राक्षांचे मळे आले असतील, तर ते बाजूला सारा. पत्र्याची एक लांब शेड, आत स्टीलच्या टाक्या, आणि जून लागला की टेम्पोतून येणारी जांभळं. आम्ही जांभळाची वाईन करतो. मालक मूळचे ऊसवाले; बांधावरची जांभळं खाली पडून कुजताना बघून त्यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. मी तिथला चिलरचा माणूस. टाक्या थंड ठेवायच्या, पंप चालते ठेवायचे, आणि काहीही बिघडलं की शिव्या खायच्या.

आक्का आमच्या केमिस्ट. उभी नोकरी त्यांनी एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत काढली होती. निवृत्त झाल्यावर मालकांनी त्यांना गळ घालून आणलं. सीमेकडच्या गावात वाढलेल्या, म्हणून घरात सगळे आक्का म्हणायचे, मग गल्ली म्हणायला लागली, मग आम्हीही. आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं "मी जातो, मी बघतो" असं बोलायच्या आणि खरोखरच जायच्या आणि बघायच्या.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो कसबा बावड्याला, त्यांचा फ्रिज दुरुस्त करायला. घरात आक्का आणि त्यांच्या वहिनी, दोघीच. काम झाल्यावर जेवायला बसवलं. ज्वारीची भाकरी, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा. पहिली वाटी कधी संपली कळलं नाही. आक्का पातेलं घेऊन आल्या आणि माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "वाढू?"

मी रीतीप्रमाणं "नको नको, बास" म्हणालो. हातही ताटावर आडवा धरला, पण बोटं फाकवून, म्हणजे पळी आत शिरेल अशी. कोल्हापुरात या हाताचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. आक्कांनी पातेलं उचललं, आत नेलं आणि त्यावर झाकण ठेवल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

वहिनी धावत बाहेर आल्या. "अवं आक्का, मिस्त्री लाजाल्यात!"

"नको म्हणाल्यात की," आक्का आतून म्हणाल्या. "मी ऐकलो."

घरी जाताना मी वाटेत मिसळ खाल्ली. आणि तेव्हापासून मला या बाईंबद्दल फार कुतूहल वाटायला लागलं. जिथं पाहुण्याच्या ताटात जबरदस्तीनं वाढणं हेच प्रेम समजतात, तिथं ही बाई एकदाच विचारते आणि मिळालेलं उत्तर खरं धरते. गल्लीत त्यांना कुणी चिक्कू म्हणे, कुणी तऱ्हेवाईक. मला मात्र वाटायचं, यात काहीतरी आहे.

ते काय आहे, हे टाकीपाशी कळलं. एका सकाळी शेडमध्ये नासक्या अंड्याचा वास भरला होता. मी गटार तपासलं, पंप उघडला, मेलेला उंदीर शोधला. आक्का आल्या, दुसऱ्या टाकीचं झाकण किलकिलं केलं, नाक आत घातलं आणि म्हणाल्या, "गडी उपाशी हायत."

यीस्टला त्या गडी म्हणायच्या. जांभळाचा रस काढायचा, त्यात साखर घालायची आणि यीस्ट सोडायचं. ते साखर खातं आणि रसाची वाईन होते, एवढं मला ठाऊक होतं. आक्का म्हणाल्या, "साखर म्हंजे त्यांचं काम. नुसत्या कामावर गडी जगतोय व्हय? अंगाला लागणारं काय तरी पोटात जाया पायजे. द्राक्षात ते असतंय, जांभळात लई कमी. न्हाय मिळालं की असा वास सोडून बोंबलत्यात." त्यांनी बरणीतून पांढरी पूड काढली, तराजूवर तोलली, कोमट पाण्यात विरघळवून टाकीत सोडली. दुसऱ्या दिवशी वास गेलेला. डोळ्यांना न दिसणारा जीव वासानं जेवण मागतो आणि मिळालं की गप्प बसतो, याचा मला इतका अचंबा वाटला की मी रोज कामाआधी टाक्यांचा वास घ्यायला लागलो.

मालकांनी ती पूड बोटांत चोळून बघितली आणि ओरडले, "आक्का, ही तर डीएपी! उसाला पोत्यानं घालतोय की आमी!"

"जात तीच, पण ही खाण्यातली. आणि मालक, हा ऊस न्हवं."

त्यांची रीत ठरलेली होती. पहिला घास गडी कामाला लागल्यावर, त्याआधी नाही. दुसरा घास साखरेचा तिसरा हिस्सा संपल्यावर. त्यानंतर बरणीला झाकण. प्रत्येक वेळी आधी टाकीला कान लावायच्या, मग वास घ्यायच्या, मग काचेची नळी सोडून साखर बघायच्या. ही नळी रसात तरंगते. साखर जसजशी कमी होते तसतशी ती खाली बुडत जाते. नळीवर एक रेघ असते, ती साध्या पाण्याची. वाईन पुरती कोरडी झाली, म्हणजे साखरेचा कणही उरला नाही, की नळी त्या रेघेच्याही खाली जाते.

आणि आक्कांचा सगळा जीव त्या रेघेत अडकला होता. एकदा मी विचारलं, निवृत्तीनंतर हा व्याप कशाला? त्यांनी थोडा विचार केला. "डिस्टिलरीत माझ्या गड्यांनी केल्यालं सगळं उकळून जायाचं, मिस्त्री. वाफ वर, बाकी गटारात. कुणी कसं काम केलं त्याची चव कशात ऱ्हायाची न्हाय. हितं ऱ्हाती. एक तरी टाकी शेवटच्या कणापतोर गड्यांनीच उरकल्याली बघायची हाय मला."

पण आमच्याकडं गिऱ्हाईक मागतं गोड. त्यामुळं मालक साखर शिल्लक असतानाच टाक्या थंड करून गड्यांना थांबवायला लावायचे, आणि ते पाप माझ्याच चिलरच्या हातून घडायचं. शेवटी आक्का हट्टाला पेटल्या, तेव्हा मालकांनी कोपऱ्यातली सर्वांत लहान टाकी त्यांना तोडून दिली. "ही तुमची. पार कडू जहर करा." त्या दिवशी आक्कांनी न विचारता सगळ्यांना चहा पाजला.

आता मालकांविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. मोठ्या मनाचा माणूस, आवाज त्याहून मोठा. त्यांच्या घरच्या लग्नात ते स्वतः जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत फिरायचे आणि पाहुण्यानं तोंड मिटलं तर नाक दाबतील की काय असं वाटायचं. आग्रह करून माणसाला आजारी पाडायची त्यांची ख्याती होती.

तर आक्कांची टाकी छान लागली होती. पहिला घास झाला होता, दुसऱ्याला वेळ होता. तेवढ्यात कर्नाटकी बेंदूर, आमच्याकडचा बैलांचा सण, आला. आक्का सणाला बहिणीकडं गारगोटीला गेल्या. मालकांनी बैल धुतले, शिंगं रंगवली, पुरणपोळीचा घास चारला. मग ताट घेऊन शेडमध्ये आले आणि आम्हाला चारला. मी नको म्हटल्यावर तीन पोळ्या पडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबलो. कोपऱ्यातल्या टाकीचं झाकण उडालेलं. जांभळा फेस भिंतीवर, फरशीवर, माझ्या हत्यारांच्या पेटीत. टाकी हाताला तापलेली लागत होती आणि माझा चिलर धापा टाकत होता. मधोमध मालक, पांढऱ्या कपड्यांवर जांभळे शिंतोडे घेऊन, दोन्ही हातांनी फेस बादलीत भरत होते.

आक्का आल्या. त्यांनी टाकी बघितली, बरणी बघितली, मालकांना बघितलं.

"कुणी घातलं?"

मालकांनी बादली खाली ठेवली. एवढ्या मोठ्या माणसाचा आवाज एकदम बारीक झाला. "सण हुता, आक्का. बैलास्नी चारलं, माणसास्नी चारलं. म्हटलं, हे बी आपलंच गडी की. आजच्या दिवशी तेवढं उपाशी कशाला? वाईच ज्यादा घातलं."

"वाईच म्हंजे?"

"दोन वाट्या."

आक्का उलट्या क्रेटवर बसल्या आणि हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. यीस्टला बेंदराचा घास चारणारा माणूस त्यांना आयुष्यात भेटला नव्हता; मला वाटतं कुणालाच भेटला नसेल. आम्हीही हसलो. मग त्या उठल्या, टाकीला कान लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आज पळाल्यात. फुडं बसत्याल बघा," त्या म्हणाल्या.

तसंच झालं. इतक्या खाण्यावर गड्यांची नुसती संख्या वाढली, खटलं मोठं झालं, अंगात ताप भरला, आणि निम्म्याहून जास्त वाट चालून सगळे मटकन बसले. नळी पाण्याच्या रेघेच्या बरीच वर अडकली. रोज सोडायची, रोज तिथंच. बाहेर पाऊस लागलेला, शेडमध्ये गारठा.

मालक पश्चात्तापानं पुन्हा बरणी घेऊन हजर. "उपाशी हायत का ओ? थोडं घालू?"

"भूक न्हाय, मालक. दमल्यात." आक्का टाकीवर हात ठेवून बोलत होत्या. "आता दारू चढलीया आत, घास पोटात जात न्हाय त्यांच्या. आता घालून उपयोग न्हाय. तुमी घातल्यालं तसंच पडून ऱ्हाईल आणि भलतीच जमात येऊन जेवंल."

"मग करायचं काय? बघत बसायचं?"

"ऊब द्यायची."

मालक घरी गेले आणि कपाटातलं काळं घोंगडं घेऊन आले. आम्ही ते टाकीला गुंडाळलं आणि सुतळीनं बांधलं. आयुष्यभर टाक्या गार करत आलेला मी, त्या दिवशी टाकीला पांघरूण घालत होतो. आक्कांनी बादलीत नवे गडी उठवले. कोमट पाणी, थोडी साखर, त्यांचा मापाचा घास. आणि मग रोज त्या अडलेल्या टाकीतली थोडी वाईन. "एकदम तिकडं लोटलं तर मरत्यात," त्या सांगायच्या. "चटक्याची सवय लावून पाठवायचं." चांगले तयार झाल्यावर त्यांना टाकीत सोडलं.

याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की आक्कांचा डबा न उघडता परत जातोय. मी एकदा चेष्टेनं विचारलं, "भूक न्हाय का सवय न्हाय?" त्या हसल्या आणि कुशीवर हात दाबून म्हणाल्या, "बघतो की." बघायला उशीर झाला होता. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं, आणि आक्कांनी वहिनींच्या तोंडावरून ते वाचलं. पोटातलं दुखणं फार पसरलं होतं. त्या घरीच राहिल्या.

मी रोज संध्याकाळी जायचो. दारातच प्रश्न यायचा, "नळी?" मी बोटांच्या पेरांवर मोजून सांगायचो, किती बुडाली ते. ती हलायला लागली होती, हळूहळू. आक्का डोळे मिटून ऐकायच्या.

घर डब्यांनी भरलं होतं. साऱ्या गल्लीनं कंबर कसली होती. कढण, पेज, शिरा, पायाचं सूप. जो येई तो चमचा पुढं करी. ज्या बाईनं जन्मात कुणाला आग्रह केला नाही, तिच्या तोंडाशी दिवसभर आग्रह चालला होता. मला ते बघवत नव्हतं, आणि कुणाला काही बोलवतही नव्हतं, कारण सगळे प्रेमानंच करत होते.

एक दिवस त्या म्हणाल्या, "पाय लई गार पडल्यात." मी शेडमध्ये सहज बोललो. मालकांनी सुतळी सोडली, टाकीवरचं घोंगडं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मी ते स्कूटरला बांधून बावड्याला नेलं.

आक्कांनी घोंगडं ओळखलं आणि जवळजवळ उठून बसल्या. "टाकीवरचं काढलासा?"

"तुमचं पाय..."

"नळी बुडाली?"

"वाईच ऱ्हायलीया."

"मग घिऊन जावा. गडी उरकल्याशिवाय घोंगडं हलवायचं न्हाय." आवाज खोल गेला होता, पण हुकूम पूर्वीचाच. "मला हाय की चादर."

वहिनी म्हणाल्या, राहू दे, दुसरं आणा टाकीला. मालकांकडं दहा घोंगडी असतील, हे मलाही ठाऊक होतं. पण आक्कांनी एकदा सांगितलं होतं. मी घोंगडं परत नेलं आणि टाकीला बांधलं. बांधताना मला रडू आलं.

पुढच्या आठवड्यात एका सकाळी नळी सोडली आणि ती पाण्याच्या रेघेच्या खाली जाऊन थांबली. मी मालकांना हाक मारली. त्यांनी चष्मा पुसून दोनदा बघितलं. मग दोघांनी मिळून सुतळी सोडली.

मी बावड्याला पोचलो तेव्हा वहिनी पेजेची वाटी घेऊन उशाशी बसल्या होत्या. "आक्का, योकच घास. माझ्यासाठी." आक्कांनी ओठ घट्ट मिटले होते. वहिनी माझ्याकडं वळल्या, डोळे भरलेले. "तुमचं ऐकती ती. तुमी तरी सांगा की, मिस्त्री."

मी वाटी हातात घेतली. आक्कांकडं नीट बघितलं आणि एकदाच विचारलं, "वाढू?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. मी वाटी खाली ठेवली. वहिनींना माझा राग आला असेल. त्या तोंडाला पदर लावून आत गेल्या. मी घोंगडं उलगडलं आणि आक्कांच्या पायांवर घातलं. त्याला जांभळाचा वास येत होता.

आक्कांनी काही विचारलं नाही. घोंगडं आलंय म्हटल्यावर विचारायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी त्याची कड हातात धरली, नाकाशी नेली आणि वास घेतला. मग माझ्या खिशाकडं बोट केलं. तिथं नमुन्याची बाटली आहे हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

मी बूच काढलं. मला राहवलं नाही. "आक्का, भूक हाय का सवय?"

"दोन्ही न्हाय," त्या म्हणाल्या. "चव बघतो."

मी त्यांच्या बोटावर एक थेंब ठेवला. त्यांनी बोट जिभेला लावलं. "बी लागतीया जांभळाची," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "पार उरकलं गड्यांनी." दोनच दिवसांनी त्या गेल्या.

घोंगडं वहिनींनी स्वतः आणून दिलं. ते आता कोपऱ्यातल्या टाकीवर घडी घालून असतं. तिथली वाईन गिऱ्हाईक फारसं घेत नाही. मालक ती तरीही करतात, शेवटच्या कणापर्यंत.

यंदाच्या बेंदराला मालक बैलांना चारून शेडमध्ये आले. हातात पुरणपोळ्यांचं ताट. आम्ही सगळे त्यांच्याकडं बघत होतो, आणि खरं सांगायचं तर बरणीकडंही. ते कोपऱ्यातल्या टाकीपाशी गेले. ताट बाजूला ठेवलं, टाकीला कान लावला, वास घेतला. बरणीला हात लावला नाही. मग ताट उचलून आमच्याकडं आले आणि माझ्यासमोर उभं राहून माझ्याकडं नीट बघितलं.

"वाढू?"

मी हात आडवा धरला, बोटं फाकवून. "नको, बास."

मालकांनी मान डोलावली आणि ताट घेऊन पुढं गेले. शेजारच्या माणसाला वाढून झालं, त्याच्या पलीकडच्याला झालं. मी माझ्या मोकळ्या हाताकडं बघत राहिलो.

"मालक," मी हाक मारली. "भूक हाय."

ते परत आले आणि त्यांनी माझ्या हातावर एक पोळी ठेवली.